दुर्गाघाटावरची सँडविचं

काशीत दुर्गाघाटावर त्या काळी डबलरोटी, म्हणजे पाव, घरात आली की समजायचं, घरात कोणी तरी आजारी आहे. चांगल्या धडधाकट माणसाने डबलरोटी खायची, ही कल्पनाच तिथल्या मराठी घरांत नव्हती. पोळी आहे, भाकरी आहे, भात आहे. मग कुठे तरी, कोणी तरी मळलेली ती फुगीर वस्तू पोटात का घालायची? पण डॉक्टरने सांगितलं की इलाज नसे. मग घरातला कोणी चौकातून उपरण्याखाली लपवून ती आणायचा, दुधात कुस्करून आजाऱ्याला द्यायचा आणि बशी मोरीपाशी वेगळी ठेवायचा. माणूस उठला की डबलरोटी बंद. नाही उठला तरी बंद.

आनंदीबाईंच्या घरी ती आली कार्तिकात. त्यांचे यजमान वेणीमाधवभट घाटावर यात्रेकरूंची श्राद्धं आणि पिंडदानं चालवीत. देशावरून आलेली माणसं त्यांच्याच घरी खालच्या खोल्यांत उतरायची. मुली दोन. थोरली बकुळ मुलींच्या शाळेत शिकवायची आणि धाकटी इंदू घरातच होती. बकुळला दिवाळीच्या आधीपासून संध्याकाळचा ताप येत होता. आधी काढा झाला, मग अंगारा झाला, मग शेवटी डॉक्टर झाला. माणसं या तीन गोष्टी नेमक्या उलट्या का करत नाहीत, ते विश्वनाथालाच ठाऊक.

डॉक्टर म्हणाले, क्षय आहे. आता पूर्वीसारखं नाही, सुया निघाल्या आहेत, नीट घेतल्या तर माणूस बरा होतो. पहाडावरच्या सॅनेटोरियममध्ये पाठवा. ते जमत नसेल तर मोकळ्या हवेत ठेवा, सुई चुकवू नका, दूध, लोणी, डबलरोटी द्या. पुढे ते अंड्यांचंही बोलले, पण ते वेणीमाधवभटांनी ऐकलंच नाही असं ठरलं.

अडचण अशी होती की त्याच महिन्यात इंदूची पत्रिका जबलपूरच्या एका स्थळाशी जमली होती. मुलगा उल्हास, बँकेत नोकरीला, एकुलता एक. असं स्थळ भटाच्या घरी चालून यावं म्हणजे गंगेला उलटं पाणी यावं. आणि क्षयाच्या घरातली मुलगी कोणी करीत नव्हतं. आजार एकीचा, पण डाग दोघींना.

बकुळच्या अंथरुणाशी बसून आनंदीबाई म्हणाल्या, "इंदूचं एकदा होऊ दे. मग तुला उघडपणे नेऊ पहाडावर. जमलं तर फाल्गुनातच लग्न. कसे जातील दिवस, कळायचंसुद्धा नाही."

बकुळ म्हणाली, "हो आई. तिचं होऊ दे आधी."

नाही म्हणाली असती तर काय झालं असतं, हा प्रश्न आनंदीबाईंनी पुढे जन्मभर स्वतःला विचारला. पण त्या दिवशी नाही विचारला. त्या दिवशी त्यांना हायसं वाटलं.

बकुळचं अंथरूण छतावरच्या खोलीत गेलं. गल्लीत सांगितलं, ती परीक्षेला बसतेय, वर अभ्यास करते. हे खपलं, कारण बकुळ पुस्तकातला किडा आहे हे सगळ्यांना माहीत होतं. खपली नाही ती डबलरोटी. समोरच्या घरात गंगाकाकू राहायच्या. त्यांची खिडकी आणि आनंदीबाईंचं दार यांच्यामध्ये गल्ली होती खरी, पण एवढी अरुंद, की समोरच्या कढईतली फोडणी जळली तर इकडे ठसका लागावा. पहिल्याच दिवशी पदराखालची पुरचुंडी त्यांनी हेरली.

"काय गं आनंदी, डबलरोटी? कोण बीमार पडलं?"

आनंदीबाईंनी पुरचुंडी पदरात आणखी आत ओढली. पण जीभ काही तरी बोलून गेली. "बीमार कोण पडतंय? सँडविचं करतेय."

"म्हणजे काय असतं ते?"

"चटणी नि लोणी घालून करतात. साहेब लोक खातात. बकुळ शिकून आलीय शाळेतल्या बंगाली बाईंकडून."

"असं होय! मग आम्हालाही पाठव की एखादं. बघू तरी, साहेब खाऊन खाऊन काय खातात ते."

झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आनंदीबाईंनी जन्मात सँडविच पाहिलं नव्हतं. जिना चढून वर गेल्या आणि दम खात म्हणाल्या, "बकुळ, सँडविच कसं करतात गं?"

बकुळ आधी बघतच राहिली. मग सगळं ऐकल्यावर हसायला लागली, आणि हसता हसता खोकायला. तो खोकला असा की चारही भिंतींना ऐकू जावा. आनंदीबाईंनी धावत खिडकी लावली. खोकला ओसरल्यावर बकुळने फडक्याने तोंड पुसलं, फडकं नीट घडी करून लपवलं आणि शाळेत मुलींना सांगावं तसं सांगायला लागली.

"लोणी कडेपर्यंत लावायचं. अगदी कडेपर्यंत. नाही तर चटणीचं पाणी रोटीत उतरतं आणि लगदा होतो. चटणीत डाळं घालायचं, म्हणजे ती धरून राहते. आंबट म्हणून आता आवळा मिळेल तो घाल. बटाटा उकडून पूर्ण गार कर, गरम कापलास तर त्याचा चिखल होतो. टोमॅटोच्या बिया काढून टाक. आणि झाल्यावर ओल्या फडक्यात गुंडाळून वर वजन ठेव, आपला तांब्या पाण्याने भरून. मग कडा काप."

"कडा कशाला कापायच्या? चांगलं अन्न आहे ते."

"साहेब लोकांना कडा आवडत नाहीत. मला आवडतात. कडा मला पाठव."

सोवळ्याच्या स्वयंपाकघरात डबलरोटी जाणं शक्यच नव्हतं. म्हणून जिन्याखाली एक जुना पाटा पडला होता, तो धुऊन काढला. तिथेच फळी, तिथेच सुरी, तिथेच सगळा ओवळा संसार. बकुळ वरून सांगायची, इंदू जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून निरोप खाली द्यायची, आणि आनंदीबाई पाट्याशी. गल्लीत जे जायचं त्याला बकुळचा हात लागणार नाही, ही शपथ बकुळनेच घातली होती.

पहिलं सँडविच गंगाकाकूंनी नाक मुरडत तोंडात घातलं. मग गप्प झाल्या. गंगाकाकू गप्प होणं ही गल्लीत नोंद घेण्यासारखी गोष्ट होती.

"अगं, हे तर बरं लागतंय की!" त्या शेवटी म्हणाल्या. "आवळा घातलायस का गं? उद्या आमच्याकडे पाहुणे यायचेत. चार जास्ती कर."

अशा रीतीने भटाच्या घरात डबलरोटी राजरोस यायला लागली. एक पुडा बकुळचा, एक गल्लीचा. म्हातारा रोटीवाला डोक्यावर पत्र्याची पेटी घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभा राहून हाक मारायचा, "सनबीच वाली माताजी!" ब्रह्माघाटापर्यंत नाव गेलं. बायका बोटं चाटत म्हणायच्या, आनंदीच्या हातात जादू आहे. आनंदीबाई हसायच्या आणि कापलेल्या कडा बशीत भरून वर न्यायच्या. बकुळ त्या गरम दुधात न बुडवता तशाच कुरतडायची. भूक असेल त्या दिवशी.

पाट्याचा दुसरा उपयोग आपोआप कळला. बकुळला खोकल्याची उबळ आली की आनंदीबाई असतील तिथून उठायच्या, पाट्याशी बसायच्या आणि वरवंटा ओढायला लागायच्या. दगडावर दगड घासला की त्याखाली खोकला बुडून जायचा. वाटायला काही नसलं तर नुसतं मीठ वाटायच्या. पुढे पुढे बकुळलाच आधी कळायचं. ती वरून पायाने जमिनीवर ठोकायची, खाली वरवंटा सुरू व्हायचा, आणि मग ती खोकायची. एकदा म्हणाली, "आई, काही का होईना, माझ्यामुळे चटणी तरी बारीक होते."

गंगाकाकू खिडकीतून म्हणायच्या, "काय गं ही चटणी! गावजेवण घालतेस का?"

जबलपूरची माणसं इंदूला बघायला आली ती मार्गशीर्षात. उल्हासची आई मृणालिनीबाई मोठ्या ठसक्याच्या. केसांत जाळी, हातात पर्स. पोहे नि लाडू त्यांनी बाजूला सारले आणि सँडविच उचललं. खाल्लं. आणखी एक उचललं. मग आपल्या यजमानांकडे वळून म्हणाल्या, "अहो, क्लबात मिळतात त्यांच्या तोंडात मारतील ही. आणि भटांच्या घरी!" मग इंदूला विचारलं, "तुला येतात का गं करायला?"

"येतात," इंदू म्हणाली. तोवर तिने एकही केलं नव्हतं.

"मग झालं तर. मुलगी पसंत आहे आम्हाला."

वर बकुळ उशीत तोंड खुपसून पडली होती आणि खाली जिन्याशी आनंदीबाई चटणी वाटत होत्या. पाहुण्यांसमोर यजमानीण पाट्याशी बसलेली बघून मृणालिनीबाईंना कौतुकच वाटलं. किती हौस म्हणावी बाईला!

पौषात सुया बंद झाल्या. कंपौंडर घरी आला असता तर गल्लीला कळलं असतं, म्हणून बकुळच त्याच्याकडे जायची, शाल गुरफटून, अंधुक असताना. गल्ल्या चढ-उताराच्या. एक दिवस मधेच एका ओट्यावर ती बसून राहिली, उठवेना. तेव्हापासून घरातल्यांनी ठरवलं की आता थोडे दिवस राहू दे, फाल्गुन जवळच आहे. डॉक्टरांनी सुई चुकवू नका म्हणून बजावलं होतं. पण जे टळण्यासारखं नसतं ते माणूस टाळतो, आणि जे टाळू नये तेच आधी टाळतो.

वेणीमाधवभटांचं एक वाक्य होतं. खालच्या खोलीत उतरलेले यात्रेकरू हमखास विचारायचे, भटजी, आम्ही इकडे आलो आणि मागे गावी काही बरंवाईट झालं तर? आमचं तीर्थ वाया का? ते सुपारी कातरत सांगायचे, "सुतक ऐकल्यावर लागतं. नाही ऐकलं तोवर तुम्ही शुद्ध." स्वयंपाकघराच्या भिंतीआडून हे वाक्य आनंदीबाईंनी इतकी वर्षं ऐकलं होतं की भांडी घासतानाही ते त्यांच्या कानात वाजायचं.

फाल्गुनात लग्न लागलं. कार्य बालाजी घाटाजवळच्या एका धर्मशाळेत केलं, वऱ्हाड शिंदे घाटाकडे उतरवलं, म्हणजे घरात वर्दळ नको. बकुळ कुठे, असं प्रत्येक जण विचारीत होता. आनंदीबाईंनी सांगितलं, "नेमकी आजच अडचण आली हो तिला. कावळा शिवला. वर बसलीय." यावर कोणाचं काही म्हणणं नव्हतं. बाहेर बसलेल्या बाईला कोणी बघायला जात नाही, हे एक बरं. अक्षता पडताना आनंदीबाईंचं लक्ष मंगलाष्टकांकडे नव्हतं. आता पाटा कोण ओढत असेल, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

वऱ्हाडाची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारची. निरोप घेताना मृणालिनीबाईंनी बजावलं होतं, "विहीणबाई, वाटेत खायला दुसरं काही नको. तुमची ती सँडविचं तेवढी द्या. आणि तुमच्या हातचीच हवीत बरं का!"

सकाळी आनंदीबाई दूध घेऊन वर गेल्या. बकुळ भिंतीकडे तोंड करून निजली होती. उशीवर जे सांडलं होतं ते पाहिल्यावर हाक मारायची गरज उरली नाही. तरी त्यांनी हाक मारली. खांद्याला हात लावला. हात गार लागला.

पहिला विचार मनात आला तो रडण्याचा नव्हता. गाडी दुपारची आहे, हा होता.

काशीत मरण यावं म्हणून लोक कुठून कुठून येतात. धर्मशाळांतून वाट बघत पडून राहतात. इथे मेला त्याचं सोनं झालं म्हणतात. आणि या मुलीला काशीत जन्माला येऊन चोरून मरावं लागलं, आणि मेल्यावरही दुपारपर्यंत जिवंत राहावं लागलं.

यजमान वऱ्हाडाकडे गेले होते. घरात दुसरं कोणी नव्हतं. म्हणजे कळलं होतं ते एकट्या आनंदीबाईंना. सुतक ऐकल्यावर लागतं. मग ते लागलं होतं त्यांना एकट्यांना. आता बोलल्या असत्या तर इंदूचा गृहप्रवेश अडला असता. नव्या सुनेच्या पावलाबरोबर मृत्यू आला म्हणून तिला जन्मभर ऐकावं लागलं असतं. आणि मग कोणी तरी विचारलंच असतं, कशाने गेली? त्यांनी गोधडी बकुळच्या डोक्यावरून ओढून घेतली, दाराला बाहेरून कडी घातली आणि नेसत्या लुगड्यानिशी घाटावर जाऊन बुडी मारली. गंगा बर्फासारखी होती. त्यांना काही जाणवलं नाही.

ओलेत्याने परत आल्या तर इंदू येऊन बसलेली. हिरवा चुडा, कोरी साडी, निरोपाआधी घटकाभर माहेरी म्हणून पाठवलेली. ती जिन्याखाली पाट्यापाशीच बसली होती, गुडघ्यांना मिठी घालून.

"कधी आलीस गं?"

"आत्ताच. आई, वाटायचंय ना? गाडीसाठी?"

आनंदीबाई लांबच उभ्या राहिल्या. "तू वाट बाळ. मला शिवायचं नाही. मला अडचण आलीय."

इंदूने त्यांच्याकडे पाहिलं. ती काही बोलणार तोच समोरच्या खिडकीतून आवाज आला.

"काल बकुळ, आज तू! कावळ्यांनी घरटंच बांधलं की काय गं तुमच्या घरात?" गंगाकाकूंना गंमत वाटत होती. "आणि आनंदी, या वयात? मला वाटलं, तुझं कधीच सुटलं."

"सुटलं कुठलं," आनंदीबाई म्हणाल्या. "इतक्या लवकर काही सुटत नाही हो काकू."

दाराशी कांबळं टाकून त्यावर त्या बसल्या, बाहेरची बाई बसते तशा, आणि तिथून सांगायला लागल्या. चार हातांवर सगळं होतं, पण एकाही गोष्टीला बोट लावायचं नव्हतं. त्यांच्या हातात आज मरण होतं. जे अन्न लेक सासरी नेणार, ते तरी स्वच्छ हाताचं जाऊ दे.

"आधी डाळं कोरडंच वाट. हं. आता कोथिंबीर. देठ टाकू नकोस, चव देठातच असते. मिरच्या मोजून घाल, तुझ्या सासऱ्यांना तिखट सोसत नाही. आवळ्याची बी काढलीस का?"

इंदू वरवंटा ओढत होती. बांगड्या मागे सारल्या होत्या, तरी दगडावर वाजत होत्या. थोड्या वेळाने हात थांबला. घर एकदम गप्प झालं. कितीतरी दिवसांत त्या घरात पाटा थांबला आणि वरून काही ऐकू आलं नाही, असं झालं नव्हतं.

"ताई आज खोकली नाही," इंदू म्हणाली.

"हो. आज आराम आहे तिला."

"मग वाटायची थांबू?"

"नको. थांबू नकोस. अजून बारीक होऊ दे."

इंदू पुन्हा वाटायला लागली. मग तिने बटाट्याच्या चकत्या केल्या, पातळ, एकसारख्या. टोमॅटोच्या बिया काढल्या. रोटीला लोणी लावलं, अगदी कडेपर्यंत. आनंदीबाईंना सांगावं लागलं नाही. मधल्या पायरीवर बसून निरोप पोचवता पोचवता सगळं तिच्या डोक्यात गेलं होतं. ओल्या फडक्यात बांधून वर तांब्या ठेवला. मग सुरीने कडा कापल्या, एकेका सँडविचचे दोन त्रिकोण केले आणि वेताच्या टोपलीत केळीचं पान घालून रचले.

एक मात्र तिने कापलं नाही. कडांसकट अख्खंच ठेवलं, बशीत घालून वर दुसरी बशी झाकली आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर नेऊन ठेवलं.

"ताईला," ती म्हणाली. "उठली की दे."

आनंदीबाईंनी मान हलवली. तोंड उघडलं असतं तर त्यातून काय बाहेर पडलं असतं, याचा भरवसा नव्हता.

"वर जाऊन येऊ का मी? भेटून?"

"निजलीय ती. नको उठवूस. रात्रभर जागी होती."

इंदू पुन्हा म्हणाली नाही. तेव्हा आनंदीबाईंना वाटलं, लग्न झालं की मुली किती पटकन परक्या होतात.

मृणालिनीबाई स्वतः टोपली न्यायला आल्या. पदर सावरत, शेणातून पाय वाचवत. "विहीणबाई, अशा लांब का हो उभ्या?" गंगाकाकूंनी खिडकीतून कारण सांगितलं, जरा जास्तच मोठ्याने. मृणालिनीबाई म्हणाल्या, "अरे राम! आणि बकुळताईंना भेटायचं राहूनच गेलं. पुढच्या वेळी मात्र त्यांच्याकडूनच शिकणार आहे मी हे सँडविच."

"पुढच्या वेळी," आनंदीबाई म्हणाल्या.

इंदूची ओटी गंगाकाकूंनी भरली. आईला भरता येत नव्हती. इंदू नमस्काराला पुढे आली तेव्हा आनंदीबाई मागे सरकल्या, भिंतीला पाठ लागेपर्यंत. "शिवू नकोस गं. लांबूनच कर." इंदूने लांबून वाकून नमस्कार केला. बराच वेळ ती वाकलेलीच राहिली. मग हमालाने ट्रंक उचलली आणि गल्लीच्या वळणावर हिरव्या बांगड्यांचा आवाज संपला.

मग आनंदीबाई भिंतीपासून हलल्या. जिन्याशी आल्या आणि ती झाकलेली बशी त्यांना दिसली. कडांसकटचं सँडविच. त्या वेड्या पोरीला काहीच माहीत नाही, या विचाराने त्या तिथे, पहिल्या पायरीवर, पदराचा बोळा तोंडात कोंबून रडल्या. बकुळसाठी त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं ते इंदूच्या त्या अजाणपणावरून.

वेणीमाधवभट स्टेशनावरून परतले तेव्हा उन्हं कलली होती. आनंदीबाईंनी एवढंच सांगितलं, "बकुळ गेली."

ते वर गेले. ज्याच्या हातून रोज मेलेल्यांची कार्यं होतात, त्याला मरण ताजं की शिळं हे कोणी सांगावं लागत नाही. बकुळचा हात त्यांनी उचलून पाहिला. तो काठीसारखा झाला होता.

"केव्हा?"

"आत्ताच. तुम्ही यायच्या थोडं आधी."

ते बायकोकडे बघत राहिले. मग खांद्यावरचं उपरणं काढून बाजूला ठेवलं.

"बरं," ते म्हणाले. "सुतक आत्तापासून."

त्यानंतर त्या नवराबायकोत या विषयावर एक शब्द झाला नाही, ते जाईपर्यंत. गल्लीला सांगितलं, ताप डोक्यात गेला. गल्ली हळहळली. लग्न पार पडलं आणि मगच गेली, किती शहाणी पोर, असंही कोणी म्हणालं. डबलरोटी बंद झाली. रोटीवाला थोडे दिवस गल्लीच्या तोंडाशी हाका मारीत राहिला, मग त्यालाही कळलं. गंगाकाकूंनी एकदा विचारलं, "आता नाही का गं करत?" आनंदीबाई म्हणाल्या, "चव ज्या हाताची होती तो हात गेला." जिन्याखालचा पाटा त्यांनी गंगेत सोडायला लावला. दोन माणसं लागली न्यायला.

एकच गोष्ट त्यांनी उराशी धरली होती. मी थोरलीला मारलं असेल, पण धाकटीला विटाळ लागू दिला नाही. तिला ठाऊक नव्हतं, तिचे हात स्वच्छ होते. त्या दिवशी मी एवढं एक तरी नीट केलं. रोज दिवा लावताना हे वाक्य त्या मनात म्हणायच्या, स्तोत्रासारखं.

इंदूला तार गेली, ती सुतक धरून बसली, पुढे माहेरपणाला आली आणि गेली. ताईबद्दल ती कधी काही विचारायची नाही. पुढे वेणीमाधवभट गेले. मृणालिनीबाईही गेल्या, जाईपर्यंत सुनेच्या सँडविचचं कौतुक करीत. काशीचं घर बंद करून आनंदीबाई थकल्या शरीराने जबलपूरला लेकीकडे राहायला आल्या.

पहिल्याच सकाळी त्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या. इंदूच्या ओट्यावर डबलरोटी, लोणी, उकडलेला बटाटा. मुलांचे डबे भरायचे होते. तिने मिक्सरच्या भांड्यात डाळं टाकलं, कोथिंबीर टाकली देठांसकट, आवळ्याच्या फोडी टाकल्या आणि बटण दाबलं. त्या घरघराटाने आनंदीबाई दचकल्या. नजर आपोआप वर, छताकडे गेली. इंदूने ते पाहिलं आणि बटण बंद केलं.

"आई, ती कडी मी काढली होती."

"कुठली गं?"

"छतावरच्या खोलीची. त्या दिवशी तू घाटावर गेली होतीस तेव्हा. ताईला चुडा दाखवायला म्हणून मी धावत वर गेले होते. मग परत कडी घातली आणि खाली येऊन बसले."

इतक्या वर्षांचं आनंदीबाईंचं स्तोत्र एका श्वासात पुसलं गेलं होतं. म्हणजे कळलं होतं तिलाही. सुतक तिलाही होतं. तेच हात घेऊन तिने चटणी वाटली, तेच अन्न घेऊन ती सासरी गेली, आणि आपण चार हातांवर बसून तिच्या हातांची स्वच्छता राखत होतो.

"मग बोलली का नाहीस?"

"तू वाट म्हणालीस. मी वाटत राहिले."

"आणि ते ताईचं म्हणून एक वेगळं ठेवलंस? कडांसकट? कशाला गं?"

इंदू मिक्सरचं झाकण नीट बसवत होती.

"मला माहीत आहे हे तुला कळू नये म्हणून," ती म्हणाली. "नाही तर तू मला जाऊ दिलं नसतंस."

आनंदीबाईंचा चेहरा बघता बघता मोडत गेला. पलीकडच्या खोलीत नातवंडं होती, जावई पेपर वाचत होते. इंदूने पुन्हा बटण दाबलं आणि दाबूनच धरलं. चटणी केव्हाच बारीक झाली होती.